चारशे परस पाणी

कारखान्याच्या मळीचा वास गावावर उतरला की माझ्या दुकानाच्या पायरीशी एक माणूस येऊन उभा राहायचा आणि उजव्या हाताचा तळवा होडीसारखा करून हवेत हलवायचा. म्हणजे, बोटीचं काय? मी दोन्ही हातांनी काहीतरी पुढं सारल्याची खूण करायचो. म्हणजे, पुढल्या साली. तो मान हलवायचा, तंबाखूची चिमूट माझ्यापुढं धरायचा आणि निघून जायचा. एवढं झालं की हंगाम सुरू झाला असं मी धरायचो. गव्हाणीत मोळी टाकणं, पुढाऱ्यांची भाषणं, पहिल्या पोत्याची पूजा, हे सगळं माझ्या लेखी त्यानंतरचं.

यंदा तो वास आला तेव्हा मी दुकानात नव्हतो.

माझ्याविषयी एक गोष्ट आधीच सांगितलेली बरी, म्हणजे नंतर तक्रार नको. देवळाली प्रवऱ्यात माझं मोटारी भरून द्यायचं दुकान. विहिरीवरची जळालेली मोटार यायची, मी तिच्यातली काळी पडलेली तार उपसायचो आणि नवी भरायचो. हाताला काम, तोंड मोकळं. असल्या धंद्यात माणूस एक तर कीर्तनकार होतो नाही तर थापाड्या. मला अभंग पाठ होत नव्हते.

बोटीचं हे सुरू झालं त्या साली थंडी पडली होती, ती काय सांगावी! नव्वदचं दशक मध्यावर आलेलं. पाटाचं पाणी पहाटे वाहताना कुडकुडायचं आणि त्याचा आवाज माझ्या दुकानापर्यंत यायचा. शेकोट्या ऊब मिळावी म्हणून एकमेकींजवळ सरकायच्या. आमची म्हैस सकाळी थेट कुल्फी द्यायची, काडी तेवढी आपण घालायची. यातलं म्हशीचं सोडून द्या, थंडीचं खरं धरा. उसाच्या बैलगाड्या धुक्यातून यायच्या तेव्हा आधी नुसत्या घुंगरांचा आवाज, मग बैलांच्या नाकातली वाफ, आणि अगदी जवळ आल्यावर बैल. रस्त्याकडेला जामखेड-पाथर्डीकडून आलेल्या तोडकऱ्यांच्या कोप्या. पाचटाचा धूर, मळीचा आंबूस-गोड वास. तो वास कपड्यांत शिरायचा, भाकरीत शिरायचा. पाहुण्याला मळमळायचं आणि आम्हाला भूक लागायची.

याच हंगामात मी आणि दगडूभाऊनं दक्षिण ध्रुवाच्या समुद्रात बुडी मारायला जायचा बेत केला.

हसा. गावही हसलं होतं.

दगडूभाऊ पाणबुड्या होता. बुद्धविहाराच्या मागच्या आळीत राहायचा. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठा, अंगानं काटक, छाती मात्र लोहाराच्या भात्यासारखी. कुणाची मोटार विहिरीत पडली, फुटव्हॉल्व्ह गाळात रुतला, की शेतकरी माझ्याकडं यायचा आणि मी दगडूभाऊकडं. कमरेला दोर, तोंडात एक श्वास, बाकी काही नाही. तो खाली गेला की वरची माणसं चहा पिऊन घ्यायची, बांधावरून एक भांडण उकरून काढायची, ते मिटवायची, सोयरीक जुळवायची, तेव्हा कुठं याचं डोकं पाण्यावर यायचं. आणि पहिलं वाक्य ठरलेलं, "माझा च्या ठिवलाय का समदा ढोसला?"

हे झालं निम्मं काम. उरलेलं निम्मं कुणी मोठ्यानं बोलत नसे. पोलीसपाटलाची सायकल दगडूभाऊच्या दारात थांबली की कौसाबाई, त्याची बायको, थापत असलेली भाकरी तशीच परातीत टाकायची. कुठल्या तरी विहिरीत कुणीतरी असायचं. ते काढायला तोच. या कामाचं काही घ्यायचं नाही असा रिवाज होता. त्या घरच्यांनी एक नारळ आणि एक कोरा टॉवेल द्यायचा. नारळ विहिरीवरच फोडायचा. टॉवेल दगडूभाऊ घरी आणायचा, पण त्यानं कधी तोंडही पुसलं नाही. कौसाबाई तो घडी न मोडता लोखंडी ट्रंकेत ठेवायची. त्या साली ट्रंकेत अकरा टॉवेल होते. ती ट्रंक त्यांच्या घरात सगळ्यात नवीकोरी वस्तू होती आणि सगळ्यात कमी उघडली जाणारी.

आमच्याकडं विहिरीचं पाणी परसांत मोजतात. एक परस म्हणजे हात वर करून उभा राहिलेला माणूस. चार परस पाणी म्हणजे एकाच्या डोक्यावर एक अशी चार माणसं. लहानपणापासून हा शब्द तोंडात, पण पाणी मोजायला आमच्या लोकांनी माणूसच का वापरला असेल, हा विचार दगडूभाऊच्या संगतीत पहिल्यांदा मनात आला, आणि आला तसा मी तो झटकून टाकला.

बेताची सुरुवात रद्दीतून झाली. तारेची रिळं गुंडाळायला मी श्रीरामपूरहून रद्दी आणायचो. त्यात एक गुळगुळीत इंग्रजी मासिक निघालं. मधल्या दोन पानांवर एकच चित्र. वर बर्फाचं छत, त्याला एक भोक, भोकातून आलेला उजेड निळ्या पाण्यात खोल खोल उतरलेला. आणि त्या उजेडात पाठीवर नळकांडं बांधलेला, काळा रबरी पोशाख घातलेला एक माणूस, हात पसरून तरंगत असलेला.

दगडूभाऊ पायरीवर बसून ते चित्र किती वेळ बघत होता कोण जाणे. माझी अर्धी मोटार भरून झाली.

"मिस्त्री," तो म्हणाला, "ह्यो कुनाला काढाया गेलाय?"

"कुणाला नाही."

"मंग मोटार पडलीया व्हय?"

"अहो भाऊ, तिथं कसली मोटार? तो दक्षिण ध्रुव आहे. हौसेनं गेलाय तो. पाणी बघायला."

"नुसतं बघाया?"

"नुसतं बघायला."

त्यानं ते पान गुडघ्यावर ठेवून तळहातानं सपाट केलं. "पान्यात नुसतं बघाया जात्यात," तो स्वतःशीच म्हणाला. मग मला, "तितं आपल्यातलं कोन बुडालं नसंल न्हाई?"

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण समोरच्याचा चेहरा उजळला की माझ्या जिभेला पंख फुटतात. मी म्हणालो, "जायचंय का? आमच्या हिचा मावसभाऊ वसंता त्याच बोटीवर आहे. गोव्याहून सुटते. भटारखान्यात मुख्य आहे तो. त्याच्या शब्दावर कप्तान सुद्धा जेवायला बसतो."

वसंता नावाचा मावसभाऊ खरा होता. मनमाडला हॉटेलात भजी तळायचा. पाण्याशी त्याचा संबंध आमटीपुरता.

पण दगडूभाऊनं ते धरलं. आठवड्यानं आला आणि म्हणाला, "पत्र टाकलं का?" मी टाकलं. उत्तरही मीच लिहिलं, निळ्या आंतर्देशीय पत्रावर, डाव्या हातानं. दगडूभाऊला अक्षर ओळखता येत नव्हतं, तरी डाव्या हातानं. खोटं करायचं तर नेटानं करावं, अशी माझी शिस्त. दुकानात बसून मी ते त्याला वाचून दाखवलं. बोट संक्रांतीनंतर सुटेल. अनुभवी बुडीवाल्याची गरज आहे. अंगाला रबरी पोशाख लागेल. पाणी चारशे परस.

"चारशे?" त्यानं तंबाखू मळायची थांबवली. "चारशे मान्सं एकावर एक?"

"हात वर करून."

"मंग मदल्याला काय दिसत आसंल वं? वर पाय, खाली डोस्कं."

हसलो आम्ही. पत्रात शेवटी मी आणखी एक ओळ घातली होती, नुसती खरेपणाची फोडणी म्हणून. कान शाबूत हवेत, तोवर कान जपावेत. दगडूभाऊचा उजवा कान आधीच गेला होता. पाण्याच्या दाबानं, कधीतरी, कुणाला तरी काढताना. डाव्यावर त्याचं जग चालायचं.

त्या एका ओळीनं काय केलं ते ऐका. दुसऱ्या दिवशी पोलीसपाटलाची सायकल आली तेव्हा दगडूभाऊ दारातूनच म्हणाला, "पाटील, आता आमास्नी सांगू नका. कान जपाया सांगितल्यात. बोटीवर जायचंय." पाटलानं शिव्या दिल्या, विनवण्या केल्या, मग राहुरीकडून दुसरा माणूस आणला. असं दोनदा झालं. त्या दोन महिन्यांत कौसाबाईची एकही भाकरी परातीत पडून राहिली नाही. ती मला रस्त्यात भेटली तर पदर सावरून म्हणायची, "मिस्त्री, तुमच्या वसंताला औक्ष लाभू द्या." मी मान डोलवायचो. मनमाडला वसंताला उचक्या लागत असतील.

तयारी तर अशी चालली की कारखाना झक मारेल! पंक्चरवाल्याकडून ट्रॅक्टरच्या चाकाच्या जुन्या ट्यूबा आणल्या. त्या कापून, चिकटवून रबरी विजार शिवली. ती घातली की दगडूभाऊ चालताना बेडूक लग्नाला निघाल्यासारखा आवाज यायचा. नळकांड्याऐवजी पाठीवर कपाशीचा फवारणी पंप. त्यातून श्वास घ्यायचा नव्हता, ओझ्याची सवय व्हावी एवढ्यासाठी. सोड्यानं सात वेळा धुतला तरी दगडूभाऊ आळीतून गेला की माश्या मरून पडायच्या.

अडचण एकच. हिवाळ्यात विहिरीचं पाणी कोमट असतं, सकाळी त्यावर वाफा दिसतात. ध्रुवाची तालीम कोमट पाण्यात कशी करायची? मग मी श्रीरामपूरच्या बर्फाच्या कारखान्यातून टेम्पोभर लाद्या आणल्या, भुशात घालून, वर पोती टाकून. टेम्पो दगडूभाऊच्या दारात उभा केला आणि त्याला हाक मारायला मागच्या बाजूला गेलो.

आता आमच्या गावात बर्फाची लादी लग्नाच्या सरबताखेरीज एकाच कारणानं येते. घरात माणूस गेलंय आणि लांबून कुणीतरी यायचंय, तोवर त्याला ठेवायचं असतं. लग्न तर त्या आळीत नव्हतं. मी परत येईतो आळी गोळा झालेली. बायकांनी सूर लावलेला. एक म्हातारा तिरडीला बांबू कुणाकडचे आणायचे ते विचारत होता. दगडूभाऊ रबरी विजारीत बाहेर आला तर एकजण त्याच्याच गळ्यात पडून म्हणाला, "दगडू, लई वाईट झालं रं. पर गेलं कोन?"

मी पोट धरून हसत होतो. तेवढ्यात शेतातून कौसाबाई आली. तिला कुणीतरी बांधावरून ओरडून सांगितलं होतं, तुझ्या दारात लादी आलीय. ती धावत आली होती. पायात चप्पल नव्हती, हातात खुरपं तसंच. तिनं टेम्पो बघितला. मग नवरा बघितला, उभा, जिवंत, त्या विजारीत. ती रडली नाही, ओरडली नाही. टेम्पोच्या चाकाला पाठ टेकून खाली बसली.

खुरपं जमिनीवर ठेवून म्हणाली, "मिस्त्री, आवं ह्ये पान्यात उतरलं की दर खेपेला मला हीच लादी दिसती. दारातच दिसती. आन तुमी ती खरंच आनून उबी केली."

माझं हसू कुठं गेलं ते मलाही कळलं नाही. पण बर्फ वितळत होता. आम्ही तो थोरल्या मळ्यातल्या जुन्या विहिरीत सोडला. लाद्या पाण्यावर आल्या, एकमेकींवर आपटल्या, त्यांच्यावरचा भुसा पाण्यावर पसरला. दगडूभाऊनं पंप पाठीला बांधला, छाती भरून घेतली आणि दोन लाद्यांमधल्या फटीतून खाली गेला.

मी काठावरून बघत होतो. दुपारचं ऊन बर्फातून आत जात होतं. थापा मारायची सवय असलेल्या माणसाला खरं काही सांगायचं झालं की शब्द सापडत नाहीत. एवढंच सांगतो, ते हुबेहूब त्या चित्रासारखं दिसत होतं.

तो वर आला तेव्हा चहाचं विचारलं नाही. पायरीवर बसला.

"काय भाऊ? दिसलं का?"

"न्हाई मिस्त्री." तो आपल्या हातांकडं बघत होता. बोटांना गाळ होता. "म्या ठरवून गेल्तो, नुसतं बघायचं. पर खाली गेलं की हात आपसूक तळ चाचपाया लागत्यात. डोळं बघतच न्हाईत. हात हुडकत्यात."

त्यानं बोटं पाण्यात बुडवून गाळ धुतला. मग म्हणाला, "आपलं पानी हाय ना ह्ये. तितल्या पान्यात न्हाई व्हायचं तसं. तितं हातांस्नी ठावं आसंल, हितं आपलं कुनी न्हाई."

त्या पायरीवर, त्या क्षणी, मी खरं सांगू शकलो असतो. तो रागावला असता, फार तर पाठीवरचा पंप माझ्या डोक्यात घातला असता. मी म्हणालो, "तिथलं पाणीच वेगळं, भाऊ. काचेसारखं. तळ दिसतच नाही, तर चाचपणार काय?"

संक्रांत जवळ आली तशी माझी झोप उडाली. कौसाबाईनं तीळ निवडायला घेतले होते, वाटेत खायला लाडू म्हणून. मी घाबरलो आणि दुसरं पत्र लिहिलं. बोट यंदा आधीच सुटली. पुढल्या साली नक्की. ते वाचून दाखवताना माझा आवाज इतका खरा दुःखी झाला की मलाच वसंताचा राग आला.

"बरं," दगडूभाऊ म्हणाला. "पुढल्या साली." आणि विजार काढून खुंटीला लावली.

आठ दिवसांनी सायकल आली. तोडकऱ्यांच्या कोप्यांजवळ एक विहीर होती, कठडा नसलेली. एक बाई हंडा भरायला गेली आणि पाय घसरून आत गेली. सात परस पाणी. राहुरीचा माणूस येऊन गेला, त्याच्यानं झालं नव्हतं. कौसाबाई दारात आडवी उभी राहिली. "कान जपायचा हाय ना तुमास्नी?"

"आता काय जपायचा," दगडूभाऊ म्हणाला, "बोट तर गेली."

मी दोर धरायला होतो. पहिल्या बुडीत सापडली नाही. दुसऱ्याही नाही. तिसऱ्यांदा तो इतका वेळ खाली राहिला की काठावर कुणी चहा प्यायलं नाही, कुणी भांडलं नाही. मग दोराला हिसका बसला. त्यानं तिला वर आणलं, काठावर ठेवलं, तिचं लुगडं नीट केलं. त्याच्या डाव्या कानातून रक्ताची बारीक धार मानेवर उतरली होती. त्या बाईच्या नवऱ्याकडं कोरा टॉवेल कुठला असणार? त्यानं आपल्या खांद्यावरचा हिरवा, विटलेला टॉवेल काढून दगडूभाऊच्या हातात दिला आणि काहीतरी बोलला. दगडूभाऊ त्याच्या ओठांकडं बघत राहिला.

"मोठ्यानं बोल दादा," तो म्हणाला. "ऐकाया येईना."

ऐकू पुन्हा कधी आलं नाही. श्रीरामपूरच्या डॉक्टरांनी कानात उजेड पाडून बघितला आणि मान हलवली. पाण्यात उतरणं कायमचं बंद. म्हणजे जे माझ्या बोटीनं व्हायचं होतं ते झालं, पोलीसपाटलाची सायकल त्या दारात थांबायची बंद झाली.

मार्च उजाडला, उसाचं रान उघडं पडलं, कोप्या उठल्या. हंगामाच्या शेवटच्या दिवशी मी त्याच्या अंगणात जाऊन बसलो आणि आयुष्यात पहिल्यांदा ठरवून खरं बोललो. म्हणालो, "भाऊ, वसंता बोटीवर नाही. बोटच नाही. पत्रं मी लिहिली." तो हसला आणि कानाकडं बोट केलं. मी जरा मोठ्यानं सांगितलं. मग आणखी मोठ्यानं. शेवटी उभा राहून, घसा फाटेस्तोवर ओरडलो, "बोट नाही! मी खोटं बोललो! तुमचा कान माझ्यामुळं गेला!"

सगळ्या आळीनं ऐकलं. दारं उघडली, पाट्यावरचं वाटण थांबलं. एकट्या त्यानं ऐकलं नाही. त्याला माझ्या तोंडाच्या हालचालीत 'बोट' तेवढं ओळखू आलं असावं. त्यानं उजव्या हाताचा तळवा होडीसारखा केला आणि भुवया उंचावल्या. बोटीचं काय?

कौसाबाई उंबऱ्यात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. मी तिच्याकडं बघू शकलो नाही. ती जवळ आली, खालच्या आवाजात म्हणाली, "आता त्यास्नी काय बी सांगू नका. म्हना, पुढल्या साली." मग दातओठ आवळून, "आन दरसाल म्हनायचं. चुकलात तर माझ्यासारकी वाईट न्हाई."

मी दोन्ही हात पुढं सारले. पुढल्या साली.

त्यानंतर कितीतरी हंगाम आले. कारखान्याला चिमणी वाढली, बैलगाड्यांचे ट्रॅक्टर झाले, विहिरींच्या जागी बोअर आले आणि माझं दुकान निम्मं रिकामं पडलं. गावात मी अजून थापा मारतो, लोक अजून हसतात. पण वर्षातून एकदा मारायची ती थाप मी न हसता मारत आलो. दगडूभाऊच्या भिंतीवर ते चित्र होतं. नातवंडांना उचलून घेऊन तो दाखवायचा आणि बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात सांगायचा, "ह्यो कुनाला काढाया न्हाई गेला. नुसतं बघाया गेलाय."

यंदा मळीचा पहिला वास आला तेव्हा मी श्रीरामपूरच्या रस्त्यावर टेम्पोत होतो. पायाशी भुशात घातलेल्या लाद्या. आता तालुक्याला थंड ठेवणारी विजेची पेटी मिळते, आळीतली पोरं आणायला निघालीही होती. मी नको म्हणालो. लादी मीच आणीन म्हणालो. दगडूभाऊची लेक हैदराबादेहून यायची होती, तोवर त्याला ठेवायचं होतं.

दारात टेम्पो थांबला. या खेपेला कुणी विचारलं नाही, गेलं कोण. कौसाबाईनं लाद्यांकडं बघितलं, जणू ओळखीच्या होत्या. आम्ही त्या अंगणात सावलीला मांडल्या, वर चटई, त्यावर तो. थोड्या वेळानं पाणी सुटायला लागलं, आणि ती आत जाऊन ट्रंक घेऊन आली. एकेक टॉवेल काढून, घडी मोडून, तिनं बर्फाच्या कडेनं पसरला. अकरा कोरे, पिवळे पडलेले. बारावा हिरवा. तो पसरताना तिचा हात थांबला, मग तोही तिनं ठेवला.

"एवढ्या पान्याला पुरत्याल," ती म्हणाली.

मी त्याच्या उशाशी बसलो. हात अंगालगत सरळ होते, तळवे वर, बोटं सैल. बर्फाचं पाणी त्यांच्या खालून वाहत होतं आणि ते काही चाचपत नव्हते, काही हुडकत नव्हते. लेक यायला दुपार कलली. तोवर मी तिथंच बसून राहिलो, नुसता बघत.